हिवाळ्यापूर्वीचा इशारा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:१ ते २८:२, २ तीमथ्य ४:९-२१



बंगळूर शहराला समुद्र नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आणि पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ३०० किलोमीटर आत वसलेल्या या शहरात समुद्री वादळ येते ते झिमझिम पावसाच्या रूपाने. नोव्हेंबर-डिसेंबरात एखाद्या सकाळी सूर्यदर्शन होत नाही, बारीक पाऊस लागून राहतो, गार वारा सुटतो आणि लोक कपाटातून स्वेटर काढतात. याचा अर्थ बहुधा असा असतो की, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन ते तामिळनाडूच्या अथवा आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्याकडे सरकत आहे. आमच्यापर्यंत पोहोचते ती त्या वादळाची केवळ झालर. ज्यांच्या घरांवर ते धडकणार असते ते लोक आमच्या दृष्टीआड असतात.

३ डिसेंबर २०१७ हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता. येथील काही मराठी कुटुंबे संध्याकाळी एका घरी प्रार्थनेसाठी जमली होती. नाताळच्या गीतफेरीचे बेत चालले होते. प्रार्थनेच्या वेळी एकाने विनंती मांडली की, हवा लवकर निवळावी, म्हणजे मुलांच्या फेरीत विघ्न येणार नाही. मीही मनापासून "आमेन" म्हणालो. तेव्हा मालवणकडून आलेल्या एक वृद्ध भगिनी, ज्यांना आम्ही सर्व मावशी म्हणतो, हळूच म्हणाल्या, "हवा निवळावी म्हणून मागता ते ठीक. पण दर्यात कोण कोण आहेत, ते आधी विचारा." त्या दिवशी अरबी समुद्रात 'ओखी' नावाचे चक्रीवादळ फिरत होते आणि शेकडो मच्छीमार अद्याप घरी परतले नव्हते. वृत्तपत्रात ते मी सकाळीच वाचले होते. वाचूनही माझ्या प्रार्थनेत त्यांना जागा नव्हती.

मावशींचे ते वाक्य मला पुन्हा पौलाच्या समुद्रप्रवासाकडे घेऊन गेले. तोवर भाषांतराच्या मेजावर त्या अध्यायातील शब्दांशी मी पुष्कळ झटलो होतो. त्या संध्याकाळनंतर मी तो किनाऱ्यावर उभे राहून वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते या पाठात आपणांपुढे ठेवीत आहे.

१. हिवाळा आणि वादळ : एकच शब्द

नव्या करारात 'खेइमोन' हा ग्रीक शब्द सहा वेळा आला आहे. त्याचा एक अर्थ हिवाळा आणि दुसरा अर्थ वादळी हवा. येशू मंदिराच्या आवारात फिरत होता तेव्हा हिवाळा होता, असे योहान सांगतो (योहान १०:२२-२३). तेथे हाच शब्द आहे. संकटकाळी पळून जावे लागेल तो काळ हिवाळ्याचा नसावा म्हणून प्रार्थना करण्यास प्रभू शिष्यांना सांगतो (मत्तय २४:२०, मार्क १३:१८), तेथेही हाच. सकाळचे तांबूस, मळभ आलेले आकाश पाहून लोक ज्या हवेचे अनुमान करतात ती हवा, म्हणजेही 'खेइमोन' (मत्तय १६:३). हे वचन काही प्राचीन हस्तलिखितांत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. आणि पौलाचे तारू ज्यात सापडले त्या मोठ्या वादळाला लूक २७ व्या अध्यायाच्या २० व्या वचनात हेच नाव देतो. सहावा उल्लेख तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

मराठीत भाषांतर करणाऱ्यास येथे अडचण पडते. आपला हिवाळा हा सुखाचा ऋतू. हुरडा, ऊस, शेकोटी, लग्नसराई आणि आपणां ख्रिस्ती लोकांस नाताळ, असे त्याचे चित्र. देशावरच्या माणसास हिवाळा म्हटल्यावर वादळ आठवत नाही. परंतु तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोळ्यास विचारा. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या वादळाने धनुष्कोडी हे गाव उद्ध्वस्त केले. पांबनहून तिकडे निघालेली आगगाडी प्रवाशांसह लाटांत गेली. तेथील चर्चच्या भिंती आजही वाळूत उभ्या आहेत. १२ डिसेंबर २०१६ रोजी 'वरदा' वादळ चेन्नईवर आदळले. आपल्या कोकणातही 'फयान' आले ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी, पावसाळा संपून बोटी निर्धास्तपणे समुद्रात गेल्या असताना. कितीतरी कोळी परतले नाहीत. या लोकांच्या जीवनात हिवाळ्याचे आगमन व वादळाचे भय ही आजही एकमेकांस लागूनच आहेत.

२. सुंदर बंदरातील सल्ला

पौलाचा प्रवास साधारणतः इ. स. ५९ च्या शरदात झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लूक म्हणतो की, उपासाचा दिवस होऊन गेला होता (२७:९). हा यहूदी लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस; तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात अथवा ऑक्टोबरात येतो. रोमी लेखक वेगेतियस याने नोंदविले आहे की, सप्टेंबरच्या मध्यानंतर भूमध्य समुद्रावरील प्रवास धोक्याचा होई आणि ११ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंत समुद्र जणू बंदच असे. त्या काळी होकायंत्र नव्हते. सूर्य व तारे ढगांआड गेले की खलाशी आंधळा होई.

अशा वेळी तारू क्रेत बेटाच्या दक्षिणेस, सुंदर बंदर या ठिकाणी येऊन थांबले होते. पौलाने सांगितले की, पुढे गेल्यास माल, तारू व जीव या सर्वांची हानी होईल (२७:१०). लक्षात घ्या, या ठिकाणी देवदूताचे दर्शन नाही, स्वप्न नाही. लूकने योजलेले क्रियापद 'मला दिसते आहे', 'माझ्या ध्यानात येत आहे' अशा अर्थाचे आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की, तो तीन वेळा तारू फुटून संकटात सापडला होता आणि एक रात्र व एक दिवस त्याने समुद्रात काढला होता (२ करिंथ ११:२५). ते पत्र या प्रवासापूर्वीचे आहे. म्हणजे सुंदर बंदरात बोलणारा माणूस समुद्राच्या बाबतीत अनुभवी होता. साक्षात्कार पुढे २३ व्या वचनात येतो. येथे बोलत आहे ते अनुभवाचे ज्ञान.

याचा बोध आपण घेतला पाहिजे. "प्रभू राखील" असे म्हणून हवामानखात्याच्या सूचनेकडे पाठ फिरविणे याला काही जण विश्वास समजतात. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याच्या मोहाला प्रभूने काय उत्तर दिले, ते आपणांस ठाऊक आहे (मत्तय ४:५-७). निरीक्षण, मोजमाप व अनुभव यांतून मिळणारे ज्ञान हेही देवाचेच दान आहे.

आज आपल्या देशात या ज्ञानाची एक शिडी तयार झाली आहे. चक्रीवादळाची पूर्वसूचना सुमारे ७२ तास आधी, सावधगिरीची सूचना ४८ तास आधी, धोक्याचा इशारा २४ तास आधी आणि वादळ जमिनीवर आल्यानंतर काय होईल याचा अंदाज १२ तास आधी, अशा चार पायऱ्यांनी भारतीय हवामानखाते सूचना देते. बंदरांवर क्रमांकाचे बावटे चढतात. या शिडीची किंमत ओडिशाने अनुभवली आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे १०,००० माणसे मृत्यू पावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलविले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ रोखता आले नाही. माणसे वाचविता आली.

३. मंद दक्षिण वारा

पौलाचे कोणी ऐकले नाही. का ऐकले नाही, याची तीन कारणे लूक नोंदवून ठेवतो.

पहिले कारण म्हणजे शताधिपती युल्याने पौलापेक्षा दुसऱ्या दोघांवर अधिक भरवसा ठेवला. त्या दोघांसाठी ग्रीकमध्ये 'कुबेर्नेतेस' व 'नाउक्लेरोस' असे शब्द आहेत. पहिला तारू हाकणारा, दुसरा तारवाचा धनी. आपल्या कोळीवाड्यांत 'तांडेल' व 'नाखवा' हे शब्द आजही जिवंत आहेत, ते या जोडीच्या अगदी जवळ जातात. तांडेल व नाखवा एका बाजूस आणि बेड्यांतील कैदी दुसऱ्या बाजूस, अशी ती सभा होती. युल्याने जाणकारांचे ऐकले, यात वरकरणी काय चुकले? परंतु नाखव्याचा पैसा मालात गुंतलेला होता. तारवात गहू होता (२७:३८) आणि रोम नगराला इजिप्तचा गहू हवा असे. ज्याचा नफा प्रवासावर अवलंबून आहे, त्याचा धोक्याविषयीचा अंदाज पूर्णपणे निःपक्षपाती नसतो.

दुसरे कारण, ते बंदर हिवाळा काढण्यास सोयीचे नव्हते. म्हणून बहुतेकांनी फेनिके गाठण्याचा सल्ला दिला (२७:१२). येथे 'हिवाळा काढणे' यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्यातही 'खेइमोन'चेच मूळ आहे. वादळाच्या ऋतूत ते आसरा शोधीत होते, केवळ अधिक सोयीचा. बहुमत झाले, आणि बहुमत चुकले.

तिसरे कारण मला सर्वांत विचार करावयास लावते. दक्षिणेचा वारा मंद वाहू लागला आणि आपला हेतू साधला असे त्यांना वाटले (२७:१३). इशारा मिळाल्यानंतर हवा निवळते, तेव्हा इशारा देणारा हास्यास्पद ठरतो. किनाऱ्यावरचे लोक सांगतात की, गेल्या खेपेस काही झाले नव्हते, म्हणून या खेपेस घर सोडले नाही. मंद वारा हा इशाऱ्याचे खंडन नव्हे; पण मनुष्याला तो तसा वाटतो.

मग क्रेतच्या डोंगरांवरून वारा कोसळला. त्या बेटावरील डोंगर २,४०० मीटरांहून अधिक उंच आहेत. ईशान्येची थंड हवा त्यांवरून एकाएकी समुद्रावर उतरते. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत या वाऱ्याचे नाव 'युराकुलोन' असे आहे. पूर्वेकडील वाऱ्याचे ग्रीक नाव आणि उत्तरेच्या वाऱ्याचे लॅटिन नाव जोडून खलाशांनी केलेला हा शब्द. आफ्रिकेच्या उत्तरेस, आजच्या ट्युनिशियातील दुग्गा येथे फरसबंदीवर कोरलेल्या वाऱ्यांच्या चक्रातही हे नाव आढळले आहे. ही बंदरावरची बोली आहे, आणि लूकने ती जशीच्या तशी ठेविली आहे.

४. ज्यांच्यापर्यंत इशारा पोहोचला नाही

युल्याने इशारा ऐकला आणि नाकारला. परंतु तारवात २७६ माणसे होती (२७:३७). त्यांपैकी कितीजणांस त्या सभेत विचारले होते? कैद्यांना कोणी विचारले नसणार. निर्णय थोड्यांचा आणि वादळ सर्वांचे, हा समुद्राचा जुना अन्याय आहे.

ओखीच्या वेळी वेगळाच प्रसंग घडला. नाव बांगलादेशाने सुचविलेले. बंगालीत त्याचा अर्थ डोळा, म्हणजे आपला संस्कृतातील 'अक्षि' हाच शब्द. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी श्रीलंकेजवळ कमी दाबाच्या क्षेत्राची तीव्रता वाढू लागली आणि सुमारे एका दिवसातच, ३० तारखेस, कन्याकुमारीच्या दक्षिणेस त्याचे चक्रीवादळ झाले. किनाऱ्याच्या इतक्या जवळ व इतक्या झपाट्याने ते वाढले की, ७२, ४८, २४ तास ही शिडी चढावयास सवडच मिळाली नाही. कन्याकुमारी जिल्ह्यातील तूत्तूर परिसरातील आणि केरळच्या पून्तुरा, विळिञ्ञम येथील मच्छीमार आधीच समुद्रात होते. तूत्तूरचे लोक खोल समुद्रात अनेक दिवस राहून मासेमारी करणारे. त्यांच्या बोटी पश्चिम किनाऱ्याने थेट आपल्या कोकणापर्यंत येतात. मोबाईल दूरध्वनीची कक्षा किनाऱ्यापासून साधारण १०-१२ किलोमीटरपर्यंतच. किनाऱ्यावर सूचना वाचली जात होती. ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्या कानी ती पडू शकत नव्हती.

या वस्त्यांत बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. त्या आगमनकाळात तेथील चर्चच्या अंगणात माता, पत्नी व मुले समुद्राकडे डोळे लावून बसली होती. शेकडो मच्छीमार मृत्यू पावले अथवा बेपत्ता झाले. पुष्कळांचे देह मिळालेच नाहीत.

या दुःखापुढे पवित्र शास्त्राचा अभ्यास करणाऱ्याने जपून बोलावे. पौलाला मिळालेले वचन (२७:२४) हे त्या तारवासाठी, त्या प्रवासासाठी होते. प्रत्येक विश्वासणारा समुद्रातून परत येईल असे अभिवचन तेथे नाही. तूत्तूरचे लोक कमी प्रार्थना करीत होते म्हणून त्यांची माणसे गेली, असे जो म्हणेल तो ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीस जाऊन बसेल.

मात्र एक गोष्ट आपण म्हणू शकतो व म्हटली पाहिजे. इशारा उच्चारल्याने कर्तव्य संपत नाही. तो ऐकावयास हवा त्याच्यापर्यंत पोहोचल्यावरच ते पुरे होते. ओखीनंतर हे काही जणांनी मनावर घेतले. इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानांच्या मार्गदर्शनासाठी 'गगन' ही उपग्रहयंत्रणा उभारली होती. तिचे मुख्य नियंत्रणकेंद्र आमच्या बंगळूरमध्येच आहे. त्या यंत्रणेतून समुद्रातील बोटीवर हवामानाची सूचना पोहोचविणारे 'जेमिनी' नावाचे लहानसे उपकरण ऑक्टोबर २०१९ मध्ये पुढे आले. मोबाईलच्या कक्षेबाहेरही त्यावर संदेश मिळतो. हा संदेश एकाच दिशेने जातो. मच्छीमारास त्यावरून उत्तर देता येत नाही. तरी समुद्र नसलेल्या शहरातून दर्यातल्या माणसाशी बोलण्याची वाट निघाली. हे मला कळले तेव्हा मावशींचा प्रश्न आठवला, आणि आपल्या शहराला समुद्र नाही ही माझी सबब संपली.

५. चौदा रात्री

आता पुन्हा तारवाकडे वळू. वादळात सापडल्यावर इशारा देणाऱ्याने काय करावे?

पौल एकदा स्पष्ट सांगतो की, माझे ऐकावयास हवे होते (२७:२१). तो सत्य झाकीत नाही. परंतु तो त्यावर थांबत नाही. पुढच्याच वाक्यात धीर देतो. देवाच्या दूताने त्याला सांगितले होते की, तुझ्याबरोबर प्रवास करणारे सर्व देवाने तुला दिले आहेत. 'दिले आहेत' या शब्दाकडे पाहा. मागितल्याशिवाय 'दिले' असे कोण म्हणेल? पुष्कळ भाष्यकार यावरून म्हणतात की, पौल त्या सर्वांसाठी प्रार्थना करीत असला पाहिजे. ज्यांनी त्याचे ऐकले नाही त्या तांडेलासाठी व नाखव्यासाठीही.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. गालील समुद्रावर प्रभूच्या शब्दाने वादळ शांत झाले (मार्क ४:३९). या अध्यायात वादळ शांत होत नाही. तारू वाचत नाही, माल वाचत नाही, गहूही समुद्रात जातो. देवाचे साहाय्य येथे वादळ थांबविण्यात नसून वादळातून माणसे पार नेण्यात आहे.

आणि ते साहाय्य साध्या, हाताने करावयाच्या कामांतून येते. दोरांनी तारू बांधणे, बुडीद टाकून पाणी मोजणे, चार नांगर सोडणे. स्कॉटलंडचे जेम्स स्मिथ हे स्वतः शिडाची नौका हाकणारे गृहस्थ. त्यांनी १८४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हिशेब मांडला की, कौदा बेटापासून माल्टापर्यंत सुमारे ४७५ सागरी मैल, आणि अशा वाऱ्यात ताशी दीड मैल वाहत गेलेले तारू तेथे पोहोचण्यास सुमारे तेरा दिवस लागावेत. लूक चौदावी रात्र म्हणतो (२७:२७). खलाशांनी पाणी मोजले ते प्रथम वीस व नंतर पंधरा वाव भरले. ग्रीक 'ओर्गुया' व मराठी 'वाव' ही दोन्ही मापे पसरलेल्या दोन हातांइतकी. भाषांतर करणाऱ्यास असा नेमका शब्द क्वचितच मिळतो.

त्या रात्री खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडी सोडून पळू लागले. ज्यांना तारू चालविता येत होते तेच इतरांस सोडून जात होते. पौल शताधिपतीला सांगतो की, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही (२७:३१). सर्वांच्या रक्षणाचे अभिवचन मिळालेला माणूस हे म्हणतो! अभिवचन होते म्हणून कुशल हातांची गरज सरली नव्हती. संकटकाळी ज्याच्याजवळ विद्या, पैसा वा साधन आहे त्याने एकट्याची होडी सोडू नये, हा या वचनाचा आजच्या मंडळीस प्रश्न आहे.

पहाट होता होता पौलाने भाकर घेतली, सर्वांदेखत देवाचे आभार मानले आणि खाण्यास आरंभ केला; मग सर्वांस धीर आला (२७:३५-३६). चौदा दिवस पोटात नीट अन्न नसलेल्या माणसांना त्याने प्रथम उपदेश केला नाही, जेवावयास लावले.

६. किनाऱ्यावरची शेकोटी

तारू फुटले. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सर्व जण जमिनीस लागले. हे मिलिता, म्हणजे आजचे माल्टा बेट होते. तेथील रहिवाशांना लूक 'बार्बारोस' म्हणतो. हा शब्द त्या काळी ज्यांची भाषा ग्रीक नव्हती अशा लोकांसाठी वापरीत. त्यात रानटीपणाचा भाव असलाच पाहिजे असे नाही. पाऊस पडू लागला होता आणि थंडी होती, म्हणून त्यांनी शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतले (२८:२). त्या वागणुकीला लूक 'फिलान्थ्रोपिया', मनुष्यप्रेम, असे नाव देतो. आपण कोण, कोठले, कैदी की पहारेकरी, हे विचारण्यापूर्वी शेकोटी पेटली होती.

डिसेंबर २०१७ च्या आरंभी आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर असेच घडले. ओखीतून वाट काढीत केरळच्या ६६ व तामिळनाडूच्या २ बोटी देवगडच्या आश्रयास आल्या. त्यांवर ९५२ मच्छीमार होते. मल्याळम् व तमिळ बोलणारी ही माणसे मालवणी बोलणाऱ्या गावांच्या किनाऱ्यास लागली. तेथे त्यांच्या अन्नपाण्याची व औषधोपचाराची व्यवस्था झाली. पुढे ओखी उत्तरेकडे वळले. ५ डिसेंबरला मुंबईतील शाळांना सुट्टी देण्यात आली. दुसऱ्या दिवशीच्या महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला जमलेल्या दूरदूरच्या लोकांना पावसात उघड्यावर राहावे लागू नये म्हणून महापालिकेच्या शाळा उघडण्यात आल्या. त्याच रात्री जोर ओसरलेले ते वादळ सुरतजवळ किनाऱ्यावर येऊन विरले.

देवगडच्या कोळ्यांपैकी कितीजणांनी मिलिता बेटाचे नाव ऐकले असेल? न ऐकताही त्यांनी २८ व्या अध्यायाचे दुसरे वचन आचरणात आणले. आपण ते वचन पाठ करणारे. आपली शेकोटी कोठे आहे?

७. 'खेइमोन' येण्यापूर्वी

आता सहावा उल्लेख. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, तुरुंगातून, पौल आपल्या प्रिय शिष्यास विनवितो की, त्याने हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न करावा (४:२१). त्याआधी तो आपला झगा मागतो, तो त्रोवसात राहिला आहे (४:१३). आपण हे वचन वाचतो तेव्हा थंडीने कुडकुडणारा वृद्ध प्रेषित डोळ्यांपुढे येतो, आणि ते चित्र खरेच आहे. पण शब्द तोच आहे, 'खेइमोन'. समुद्रमार्ग बंद होण्यापूर्वी निघ, वादळाच्या तावडीत सापडू नकोस, हीही विनवणी त्यात आहे. सुंदर बंदरात ज्याचे कोणी ऐकले नाही, त्याने अखेरपर्यंत इशारा देणे सोडले नाही. आणि या खेपेस तो इशारा प्रेमाच्या निमंत्रणाबरोबर आला आहे.

इशारा देण्याची रीत पौलाकडून शिकावी. त्यात धाक नाही, शेखी नाही. वेळ आहे तोवर बोलणे, ऐकले नाही तरी तारू न सोडणे, आणि किनाऱ्यास लागल्यावर शेकोटीसाठी काटक्या गोळा करणे. कारण मिलिता बेटावर काटक्यांची मोळी आणणाऱ्यांत पौलही होता (२८:३).

त्या रविवारी मावशींच्या बोलण्यानंतर आम्ही पुन्हा डोळे मिटले. कोणाचीच नावे ठाऊक नव्हती, म्हणून मावशींनी बोटींची मागणी केली, "जितक्या गेल्या तितक्या येवोत." तितक्या आल्या नाहीत, हे आम्हांस पुढे कळले. तरीही त्यानंतर बंगळूरला डिसेंबरची झिमझिम लागली की, मी प्रथम किनाऱ्याची बातमी पाहतो आणि मगच स्वेटर काढतो. एवढाच माझ्यात बदल झाला. तो उशिरा झाला, हे मी मान्य करतो.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. सुंदर बंदरातील तिन्ही कारणांपैकी (मालाचा लोभ, सोय, मंद वारा) कोणते कारण आपल्या घरात अथवा मंडळीत इशाऱ्याकडे दुर्लक्ष करावयास लावते?

२. पौलाचा पहिला इशारा साक्षात्कारातून नव्हे तर अनुभवातून आला. शास्त्रीय ज्ञानाकडे आपण देवाचे दान म्हणून पाहतो काय?

३. आपल्या मंडळीच्या परिसरात असे कोण आहेत की, ज्यांच्यापर्यंत सूचना पोहोचत नाही? भाषा, अंतर, निरक्षरता, एकाकीपणा, यांपैकी कोणता अडसर आहे? तो दूर करण्याचे काम कोणाचे?

४. येत्या आगमनकाळात आपली मंडळी किनाऱ्यावरील एखाद्या मंडळीशी पत्राने अथवा प्रत्यक्ष संबंध जोडू शकेल काय? प्रार्थनेत त्यांच्या बोटींची संख्या विचारून घ्या आणि त्या परत आल्या की नाही, तेही विचारा.